कॅमेरा, ग्राफ आणि १२० मिलिसेकंद : थेट डेमो दाखवण्याआधी काय तपासायचं



पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात राहून मेकॅनिकल, प्रॉडक्शन किंवा इलेक्ट्रॉनिक्समध्ये संशोधन करायचं ठरवलंत, तर एक गोष्ट टळत नाही. कधी ना कधी तुम्हाला चालू मशीन लोकांना दाखवावं लागतं. मशीन भोसरीच्या गाळ्यात, गाइड पुण्यात, परीक्षक तिसऱ्याच शहरात. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते ती वेगळीच. लेथ काही कॉन्फरन्स रूममध्ये उचलून नेता येत नाही. मग आपण काय करतो? मशीनपुढे कॅमेरा लावतो, सेन्सरचा ग्राफ लॅपटॉपवर उघडतो आणि दोन्ही एकाच पडद्यावर आणतो. डावीकडे टूल जॉबला लागतंय, उजवीकडे कंपनाची रेघ उसळतेय. बघणारा खूश!

पण संशोधक म्हणून प्रश्न इथेच सुरू होतो. त्या पडद्यावर दोन गोष्टी शेजारी दिसल्या म्हणजे त्या एकाच क्षणी घडल्या, असं होतं का? होत नाही. आणि हा फरक लक्षात आला नाही, तर तुमच्या डेमोमधून न घडलेली गोष्ट सिद्ध झाल्यासारखी दिसते. आजचा लेख याच विषयावर आहे. सॉफ्टवेअरची बटणं कुठं आहेत ते तुम्हाला यूट्यूबवर मिळेल. मी बटणांमागची कारणं सांगणार आहे, कारण व्हायवामध्ये विचारतात ती कारणं.

आधी थोडा इतिहास, कारण तो आपल्या कामाचा आहे

खऱ्या दृश्यावर कॉम्प्युटरची माहिती चढवायची कल्पना जुनी आहे. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्येच डोक्यावर घालायचा डिस्प्ले दाखवला होता. पण ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ हे नाव रूढ झालं ते कारखान्यातून. बोइंग कंपनीत टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल विमानाच्या वायर हार्नेसच्या जोडणीवर काम करत होते. मोठ्या बोर्डावर कामगार एकेक वायर ओढून नेतो आणि कुठली वायर कुठून न्यायची हे बघायला पुन्हा पुन्हा कागदाकडे वळतो. ही माहिती थेट त्याच्या नजरेसमोर बोर्डावरच दाखवली तर? १९९२ चा त्यांचा निबंध या प्रश्नावर आहे. चाकण भागात गाड्यांसाठी हार्नेस बनवणाऱ्या कंपन्यांत तुम्ही इंटर्नशिप केली असेल, तर तो बोर्ड तुम्ही स्वतः पाहिलेला आहे.

पुढे १९९७ मध्ये रोनाल्ड अझुमा यांनी या सगळ्या क्षेत्राचा आढावा घेतला आणि तीन अटी घातल्या : खरं आणि आभासी एकत्र हवं, ते त्याच वेळी प्रतिसाद देणारं हवं, आणि दोन्हींची जागा त्रिमितीत जुळलेली हवी. ही व्याख्या पाठ करून ठेवा. आपल्या नेहमीच्या डेमोत पहिली अट पूर्ण होते, दुसरी अर्धवट आणि तिसरी बहुतेक वेळा अजिबात नाही. म्हणून प्रबंधात ‘आम्ही एआर सिस्टीम बनवली’ असं लिहिण्याआधी दोनदा विचार करा. कोपऱ्यातल्या चौकटीत कॅमेरा दाखवणं म्हणजे एआर नव्हे.

चित्रावर चित्र चढतं कसं

यामागचं गणित शाळेतल्या सरासरीइतकं सोपं आहे. वरच्या चित्राच्या प्रत्येक बिंदूला शून्य ते एक असा एक अंक असतो. त्याला अल्फा म्हणतात. अल्फा १ असेल तर फक्त वरचं चित्र दिसतं, ० असेल तर फक्त खालचं. ०.३ असेल तर ३० टक्के वरचा रंग अधिक ७० टक्के खालचा रंग. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये ही पद्धत नीट मांडली आणि आजची बहुतेक सॉफ्टवेअर तिच्यावरच चालतात. ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर तुम्ही वापरत असाल, तर त्यातला प्रत्येक ‘सोर्स’ म्हणजे असा एकेक थर.

पार्श्वभूमी कापून काढायला हिरवा कपडा लावतात, तेही इथलंच. हिरव्या बिंदूंचा अल्फा शून्य करायचा, झालं. टीव्हीच्या स्टुडिओत हे छान चालतं. गाळ्यात मात्र पंचाईत होते. जुनी लेथ बऱ्याचदा स्वतःच हिरव्या रंगाची असते, म्हणजे पार्श्वभूमीबरोबर मशीनलाही भोकं पडतात. निळा कपडा लावावा तर ऑपरेटरचा गणवेश निळा! शिवाय वेबकॅम जागा वाचवण्यासाठी रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईनं पाठवतो, त्यामुळे कापलेल्या कडा दातेरी येतात. माझा सल्ला असा की मशीनच्या डेमोत कापाकापीच्या भानगडीत पडू नका. दोन चौकटी शेजारी ठेवा.

केबलमध्ये काय मावतं

एक छोटा हिशेब करू. १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख बिंदू. प्रत्येकाला २ बाइट धरले आणि सेकंदाला ३० फ्रेम, तर सेकंदाला सुमारे १२४ मेगाबाइट, म्हणजे जवळपास ९९५ मेगाबिट होतात. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा आहे सेकंदाला ४८० मेगाबिट. मग तुमचा साधा वेबकॅम फुल एचडी देतो कसा? तो प्रत्येक फ्रेम आधी दाबून, जेपेगसारखी करून पाठवतो. लॅपटॉप ती पुन्हा उघडतो.

दाखवण्यापुरतं हे ठीक आहे. पण त्याच व्हिडिओवरून तुम्ही टूलची झीज किंवा जॉबचा व्यास मोजणार असाल, तर दाबलेल्या चित्राची कड खरी कड राहत नाही. मोजायचं असेल तर ६४० गुणिले ४८० घ्या. तो प्रवाह न दाबता १४७ मेगाबिटमध्ये बसतो. किंवा यूएसबी ३ चा कॅमेरा घ्या. एकाच कॅमेऱ्यानं दाखवणं आणि मोजणं दोन्ही करायचं असेल, तर कुठली सेटिंग वापरली हे प्रबंधात लिहा.

मुख्य मुद्दा : उशीर

कॅमेऱ्यात उजेड शिरल्यापासून तो पडद्यावर उमटेपर्यंत वेळ जातो. एक्स्पोजर, चित्र दाबणं, यूएसबी, उघडणं, थर चढवणं, पडद्याचं रिफ्रेश, प्रत्येक टप्पा थोडा थोडा वेळ खातो. ३० फ्रेमच्या कॅमेऱ्यात एक फ्रेमच ३३ मिलिसेकंदांची असते. सेन्सरचा आकडा मात्र खूपच हलका. तो काही मिलिसेकंदांत ग्राफवर येऊ शकतो.

समजा कॅमेरा ग्राफपेक्षा १२० मिलिसेकंद मागे आहे. जॉब मिनिटाला २००० फेरे घेतोय, म्हणजे एक फेरा ३० मिलिसेकंदांचा. १२० मिलिसेकंदांत चार फेरे झाले. फीड दर फेऱ्याला ०.२ मिलिमीटर असेल तर टूल ०.८ मिलिमीटर पुढे गेलं. आता प्रेक्षकाला काय दिसतं? ग्राफ उसळतो तेव्हा चित्रातलं टूल अजून ०.८ मिलिमीटर अलीकडेच आहे. बघणाऱ्याला वाटतं, ‘अरे वा, चॅटर सुरू व्हायच्या आधीच सिस्टीमनं ओळखलं!’

लक्षात येतंय का? तुम्ही खोटं काहीच बोलला नाहीत. डेटा खरा, कॅमेरा खरा, मशीन खरं. तरी पडद्यावर भाकीत तयार झालं. तुमच्या संशोधनाचा दावाच ‘बिघाड आधी ओळखतो’ असा असेल, तर हा १२० मिलिसेकंदांचा आभास थेट तुमच्या निष्कर्षाच्या बाजूनं झुकतो. म्हणून तो जास्त धोकादायक. आपल्या विरुद्ध जाणारी चूक आपण लगेच शोधतो, आपल्या बाजूची शोधायला मुद्दाम बसावं लागतं. आणि समोर एखाद्या कंपनीचा प्रॉडक्शन मॅनेजर बसला असेल, तर या डेमोवर विसंबून तो मशीन कधी थांबवायचं ते ठरवणार असतो.

उशीर मोजायचा कसा

खर्च शून्य. लॅपटॉपवर मिलिसेकंद दाखवणारं स्टॉपवॉच चालू करा. कॅमेरा त्या स्टॉपवॉचकडे वळवा. त्याच पडद्यावर शेजारी कॅमेऱ्याचं चित्र उघडा. आता मोबाइलनं दोन्ही एकत्र येतील असा फोटो काढा. खरं घड्याळ आणि चित्रातलं घड्याळ यांतला फरक म्हणजे उजेडापासून पडद्यापर्यंतचा एकूण उशीर.

एका फोटोवर थांबू नका. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतो, त्यामुळे त्याहून बारीक उत्तर एका फोटोतून मिळणारच नाही. तीस फोटो काढा, मध्यक काढा, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा लिहा. सरासरीऐवजी मध्यक का? कारण लॅपटॉप मधूनच अडखळतो आणि तसे एकदोन आकडे सरासरी ओढून नेतात. ही पद्धत एका परिच्छेदात मावते. तेवढा परिच्छेद प्रबंधात असेल तर परीक्षकाचा निम्मा संशय तिथंच मिटतो.

दुसरी पद्धत आणखी पक्की आहे. सेन्सर वाचणाऱ्या मायक्रोकंट्रोलरलाच एक एलईडी जोडा. तो एलईडी ज्या क्षणी पेटवतो, त्याच क्षणी लॉगमध्ये नोंद करू द्या. एलईडी कॅमेऱ्याच्या चौकटीत दिसला पाहिजे. सिनेमावाले क्लॅप देतात ना, ध्वनी आणि चित्र जुळवायला? हा आपला क्लॅप. प्रयोगाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा द्या. दोन्ही वेळचा फरक वेगवेगळा आला, तर दोन घड्याळं एकमेकांपासून सरकत आहेत, हेही कळतं.

फरक कळल्यावर उपाय सोपा आहे. चित्र लवकर आणता येत नाही, म्हणून ग्राफ उशिरा दाखवायचा. ओबीएसमध्ये थराला उशीर लावायचा फिल्टर असतो. ग्राफच्या थराला १२० मिलिसेकंद लावले की दोन्ही जुळतात. मूळ लॉगला मात्र हात लावू नका. उशीर फक्त दाखवण्यात, डेटात नाही.

आणखी एक. ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेरा एका चौकटीत आणि ग्राफ स्क्रीन-शेअरमध्ये असं करू नका. ते दोन वेगळे प्रवाह आहेत आणि पलीकडे कुठला कधी पोहोचेल याची खात्री नसते. आधी आपल्या लॅपटॉपवरच दोन्ही एकत्र करा, मग व्हर्च्युअल कॅमेऱ्यानं एकच चित्र पाठवा. उशीर झाला तरी दोघांना सारखाच होईल.

फिरणारं चक थांबलेलं का दिसतं

आता उजेडाकडे वळू. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. बरेच कॅमेरे ६० हर्ट्झच्या हिशेबानं आलेले असतात, मग चित्रावर काळे पट्टे सरकतात. सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडा, किंवा शटर सेकंदाचा ५० वा अथवा १०० वा भाग ठेवा. पट्टे जातात.

पण मग दुसरी अडचण येते. मिनिटाला २००० फेरे म्हणजे सेकंदाला ३३.३ फेरे. सेकंदाच्या ५० व्या भागात चक दोनतृतीयांश फेरा मारतं. चित्रात नुसतं धुकं. स्पष्ट दिसायला शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर आणावं लागतं. तेव्हा चक फक्त १२ अंश फिरतं. पण इतक्या छोट्या शटरला भरपूर उजेड लागतो आणि तोही न लुकलुकणारा. चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी दिवा लावा, ट्यूबवर भिस्त ठेवू नका.

आणि गंमत पुढेच आहे. तीन जबड्यांचं चक, २००० फेरे, कॅमेरा २५ फ्रेमचा. दोन फ्रेममध्ये चक एक पूर्ण आणि एकतृतीयांश फेरा मारतं. जबडे तीन, त्यामुळे प्रत्येक फ्रेममध्ये जबडे त्याच जागी दिसतात. पडद्यावर चक चक्क थांबलेलं! तोच कॅमेरा ३० फ्रेमवर ठेवलात तर चक मिनिटाला २०० फेऱ्यांनी सावकाश फिरताना दिसेल. दोन्ही चित्रं खोटी आहेत. सिग्नल प्रोसेसिंगमध्ये एलियासिंग शिकलात ना, ते हेच.

लुकलुकत्या ट्यूबखाली हा भास नुसत्या डोळ्यांनाही होऊ शकतो. सेकंदाच्या १०० व्या भागात हेच चक बरोबर एकतृतीयांश फेरा मारतं. म्हणून डेमोच्या गडबडीत पडद्याकडे बघून मशीनजवळ हात नेऊ नका. थांबलेलं दिसणं आणि थांबलेलं असणं वेगळं. चौकटीत आरपीएमचा आकडा एन्कोडरवरून घेऊन ठळक दाखवा, म्हणजे दूर बसलेल्यालाही कळेल की मशीन चालू आहे.

जागा जुळवायची असेल तर

टूलच्या टोकावरच तापमानाचा आकडा चिकटवायचा असेल, तर कॅमेऱ्यातले बिंदू आणि मशीनवरचे मिलिमीटर यांचं नातं काढावं लागतं. सपाट पृष्ठभागासाठी हे नातं आठ अज्ञातांचं असतं. एक खूण दोन समीकरणं देते, म्हणून किमान चार खुणा लागतात आणि त्यातल्या कुठल्याही तीन एका रेषेत नकोत. हिरोकाझू काटो आणि मार्क बिलिंगहर्स्ट यांचं १९९९ मधलं एआरटूलकिट काळ्या चौकोनी खुणांवर चालायचं. आज ओपनसीव्हीमधल्या अरुको खुणा तेच काम करतात. लेन्समुळे येणारी वक्रता काढायला झेंगयू झांग यांची २००० मधली बुद्धिबळाच्या पटाची पद्धत वापरा. पट वेगवेगळ्या कोनांत धरून पंधरा-वीस फोटो घेतले की पुरतं.

व्हायवामध्ये प्रश्न ठरलेला आहे : ‘जुळणीत चूक किती?’ त्याचं उत्तर ‘छान जुळतं, सर’ हे नाही. जुळवायला न वापरलेले पाच-सहा बिंदू घ्या, त्यांची चूक मिलिमीटरमध्ये सांगा. कॅमेरा मॅग्नेटिक स्टँडवर मशीनलाच लावला असेल तर तो मशीनबरोबर थरथरतो, जमिनीवर ट्रायपॉडला असेल तर मशीन त्याच्यासमोर हलतं. कुठंही लावा, मशीन चालू असतानाची चूक मोजा. बंद मशीनवरचा आकडा चालणार नाही.

प्रेक्षकाचा विचार

रिचर्ड मेयर यांचं मल्टिमीडिया शिक्षणावरचं काम वाचा. त्यातले दोन नियम इथं थेट लागू होतात : संबंधित चित्र आणि शब्द जवळजवळ ठेवा, आणि ते एकाच वेळी दाखवा. ग्राफ एका टोकाला आणि टूल दुसऱ्या टोकाला असेल तर बघणाऱ्याचं लक्ष फाटतं. बोलणाऱ्याचा चेहरा पडद्यावर असला की आपोआप जास्त कळतं असंही नाही, हेही त्यांनी दाखवलंय. तुमचा चेहरा सुरुवातीला आणि प्रश्नोत्तरांना ठेवा. कापणी चालू असताना ती जागा टूलला द्या.

यात संशोधनाचा विषयही दडलेला आहे बरं का. शेजारी ठेवलेल्या चौकटी आणि जागेवर चढवलेला आकडा यांपैकी कशात ऑपरेटर बिघाड लवकर ओळखतो? प्रत्येकाला दोन्ही मांडण्या दाखवा, निम्म्यांना आधी एक आणि निम्म्यांना आधी दुसरी. वेळ आणि चुका दोन्ही मोजा. सुरुवात करायला पुरेसा प्रश्न आहे.

परवानगी, वार आणि बॅकअप

या पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांत गेटवरच मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लागतो. त्यामुळे लेखी परवानगी आधी, कॅमेरा नंतर. परवानगीत तीन गोष्टी हव्यात : चौकटीत काय येईल, कोण बघेल, रेकॉर्डिंग किती दिवस राहील. पाठीमागच्या फळीवरचं ड्रॉइंग, दुसऱ्या ग्राहकाचा जॉब, प्रॉडक्शनचा बोर्ड, सगळं तपासा. ऑपरेटरचा चेहरा येणार असेल तर त्याला स्वतःला विचारा. मालकानं हो म्हटलं म्हणजे त्यानं हो म्हटलं असं होत नाही. बहुतेकदा हातापर्यंतची चौकट पुरते.

आणि गुरुवार! एमआयडीसीची सुट्टी म्हणून मशीन मोकळं मिळतं, पण देखभालीसाठी वीज जाण्याची शक्यताही त्याच दिवशी जास्त. गुरुवारी तालीम करा, समितीपुढचा डेमो दुसऱ्या दिवशी ठेवा.

बॅकअप म्हणून रेकॉर्डिंग जरूर ठेवा, पण ते चालवलंत तर पडद्यावर ‘रेकॉर्डिंग’ आणि तारीख लिहा. माझा आग्रह असा की प्रत्येक चौकटीवर तीनपैकी एक पाटी कायम असावी : ‘थेट’, ‘रेकॉर्डिंग’ किंवा ‘सिम्युलेशन’. उशीर लावला असेल तर तोही खाली बारीक अक्षरात : ‘ग्राफ १२० मिसे उशिरा’. अशा पाट्यांमुळे डेमो थोडा कमी चकचकीत दिसतो. दिसू द्या. परीक्षकानं पाटीवरून प्रश्न विचारला, तर तुमच्याकडे तीस फोटोंचा तक्ता तयार असेल.

या आठवड्यासाठी गृहपाठ : तुमच्या लॅपटॉपचा आणि वेबकॅमचा उशीर वरच्या पद्धतीनं मोजा. मध्यक, किमान आणि कमाल असे तीन आकडे वहीत तारखेसह लिहा. मग ओबीएसमध्ये आणखी दोन थर चढवा आणि पुन्हा मोजा. आकडा बदलला तर का बदलला याची दोन कारणं लिहा, आणि त्यातलं कुठलं खरं हे ठरवायला कुठला प्रयोग कराल तेही. त्या शेवटच्या ओळीचा सराव आत्तापासूनच करा, पुढची चार-पाच वर्षं तुम्हाला तेच करायचं आहे.